बिल पक्कं, पण वाली कोण?

ग्राफिक्स कार्डाच्या भावाचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा ठरलेल्या वळणाने जाते. सरकार भरमसाट कस्टम्स लावतं, म्हणून भारतात पीसी जोडणं म्हणजे लूट! माझा नाशिकचा भाचा याच मताचा. "मामा, तिकडे स्वस्त असणार, येताना बॅगेत टाकून आण ना," ही त्याची कायमची मागणी. मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो आणि हौस म्हणून स्वतःचे, मित्रांचे डेस्कटॉप जोडतो. ही हौस लागली ती मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, कॉलेजात असताना. त्यामुळे दोन्हीकडचे बाजार ओळखीचे आहेत, आणि भाच्याचं हे म्हणणं मला पटत नाही.

प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड यांवर भारतात मूळ सीमाशुल्क शून्य आहे. माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंचा १९९६चा जागतिक करार भारताने १९९७ साली स्वीकारला, त्यातून आलेली ही गोष्ट. लागतो तो १८ टक्के जीएसटी. जर्मनीत व्हॅट १९ टक्के. इथे तो छापील किमतीत मुरलेला असतो म्हणून टोचत नाही, आणि लॅमिंग्टन रोडवर भाव 'प्लस जीएसटी' सांगतात म्हणून डोळ्यांवर येतो, एवढंच. बिलाशिवाय घेतलं तर तोही वाचतो, हे सांगायला कुणी ना कुणी असतंच. ऑगस्ट २०२३मध्ये केंद्राने लॅपटॉप, टॅब्लेटच्या आयातीला परवान्याची अट घातली आणि दुसऱ्याच दिवशी ती पुढे ढकलली, तेव्हाही भाच्याच्या ग्रुपवर 'आता मदरबोर्डसुद्धा विसरा' अशी हाकाटी झाली होती. सुटे भाग त्या यादीत नव्हतेच.

तरीही काही वस्तू, विशेषतः मोठी ग्राफिक्स कार्डं, भारतात महाग पडतात हे खरं. कमी खप, मोजके वितरक आणि मधल्या हातांचं मार्जिन असं त्याचं कारण असावं, हा माझा कयास. पण बॅगेतून आणून तो फरक भरून निघत नाही. मी युरोपचा रहिवासी, त्यामुळे विमानतळावर व्हॅट परत मिळण्याची सोय मला नाही. शिवाय बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी ज्या त्या देशापुरती असते. इथलं कार्ड नाशिकला बिघडलं, तर ते कुरिअरने मलाच परत येणार.

खरा फरक खरेदीनंतर कळतो. जर्मनीत वस्तूतल्या दोषाची जबाबदारी दोन वर्षं विकणाऱ्यावर असते. निर्मात्याची वॉरंटी वेगळी. ती त्याने द्यावी न द्यावी. पहिल्या वर्षात बिघाड झाला, तर माल देताना तो दोष नव्हता हे दुकानाने सिद्ध करायचं. ही मुदत आधी सहा महिने होती, २०२२पासून वर्षाची झाली. माझ्या एका मदरबोर्डचे यूएसबी पोर्ट वर्ष भरायच्या आत मेले. दुकानाला मेल केला, त्यांनी परतीचं लेबल पाठवलं, मी पार्सल टाकून आलो. काही आठवड्यांनी पैसे खात्यात. बोर्ड तैवानच्या कंपनीचा होता. तिच्याशी एक अक्षर बोलावं लागलं नाही.

तिकडे भाच्याचा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, गेला. दुकानदार म्हणाला, "आमचं काम विकण्यापुरतं, सर्व्हिस सेंटरला टाका." सेंटर मुंबईला, कुरिअर पदरचं. तिथे पोचल्यावर कळलं की बिलावर सिरियल नंबरच नाही. पुन्हा दुकान, पुन्हा बिल, पुन्हा कुरिअर. बदली मिळाला, पण वापरलेला. ताईने मला फोनवर विचारलं, "अरे, पक्कं बिल घेतलं होतं की, मग हे काय?" १८ टक्के भरूनही बिघडलेल्या वस्तूला वाली नाही, याबद्दल ग्रुपवर कुणी चिडत नाही. दोन हजार कुठे कमी पडतील यावर मात्र रात्र रात्र वाद.

२०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, १९१५ ही हेल्पलाईन आहे, जिल्हा आयोग आहे. एसएमपीएससाठी आयोगाची पायरी कोण चढणार? 'विकणारा दोन वर्षं बांधील' अशी साधी सरळ रेघ आपल्या कायद्यात नाही.

आता इथलं कौतुक थांबवतो, कारण काही बाबतीत लॅमिंग्टन रोडच्या काउंटरची सर इथे कशालाच नाही. डिस्प्ले येत नाही? पीसीचं कॅबिनेट टॅक्सीत घालून न्यायचं. काउंटरवरचा मुलगा दुसरी रॅम लावून बघतो, स्लॉट बदलतो, सॉकेटमधली वाकलेली पिन भिंगाखाली सरळ करतो, आणि प्रोसेसरच्या कूलरचा हरवलेला क्लिप ड्रॉवरमधून काढून देतो. इथे तोच क्लिप कूलरच्या कंपनीला बिलाचा फोटो पाठवून मागवायचा आणि टपालाची वाट बघायची. प्रोसेसर मेला की बोर्ड, हे पाहायला हाताशी दुसरा बोर्ड नाही, म्हणून लोक दोन्ही मागवतात आणि नको ते परत करतात. ऑनलाइन खरेदीला चौदा दिवसांत परतीचा हक्क आहेच. (दुकानात जाऊन घेतलं तर तो हक्क नाही, हे इथल्यांनाही कितीदा ठाऊक नसतं.) त्या परत आलेल्या मालाचा खर्च दुकानांवर पडतो. विल्हेल्म्सहाफेनचं माइंडफॅक्टरी म्हणजे आम्हा हौशी मंडळींचं तीर्थक्षेत्र. मध्यरात्रीनंतर ऑर्डर टाकली की डिलिव्हरी फुकट, म्हणून आम्ही जागायचो. २०२५मध्ये त्यांनीही दिवाळखोरीचा अर्ज केला. एकट्या परतीच्या मालाने ती वेळ आणली असं मी म्हणणार नाही, पण या धंद्यात मार्जिन किती बारीक असतं ते दिसलं.

म्हणून 'जर्मनीसारखा कायदा करा' एवढंच म्हणून भागणार नाही. ग्रँट रोडच्या दहा बाय दहाच्या गाळ्यावर दोन वर्षांची जबाबदारी टाकली तर तो गाळा बंद पडेल, आणि ऑनलाइनवाले उरतील. जर्मन कायद्यात याची तोड आहे: गिऱ्हाइकाला भरपाई दिलेला दुकानदार तो खर्च आपल्या पुरवठादाराकडून वसूल करू शकतो, पुरवठादार त्याच्या वरच्याकडून. बोजा साखळीतून वर सरकतो, गाळेवाला चिरडला जात नाही. आपल्याकडे माल मोजक्या मोठ्या वितरकांमार्फत येतो, तेव्हा वसुली कुणाकडे करायची हे शोधावंही लागणार नाही. गल्ली विरुद्ध ऑनलाइन या भांडणात हे वितरक नेहमी मांडवाबाहेर बसलेले असतात.

सध्या भाच्याची नवी तक्रार रॅमची आहे. 'सरकारने पुन्हा काहीतरी लावलं वाटतं,' असा त्याचा मेसेज आला. मी त्याला इथल्या भावाचा आलेख पाठवला. तोही तसाच वर गेलाय. मेमरीचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळलाय, आणि डिसेंबर २०२५मध्ये मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर क्रुशल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं. दिल्ली काय नि बर्लिन काय, यात दोघांचाही हात नाही. तूर्त सोळा जीबीवर भागव म्हणालो, आणि दुकानदाराकडून बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घे. त्यावर त्याने विचारलंय, दुकानदार नाही म्हणाला तर?