'दहा मिनिटं गूगल' करणाऱ्याचं उत्तर

माझ्या हॉरर गेममधल्या इजिप्शियन शापित शवपेटीवरच्या पोस्टखाली काल एका वाचकांनी लांबलचक प्रतिक्रिया टाकली. मुद्दे चार. इजिप्तमध्ये शवपेट्यांवर शाप लिहीत नसत. माझी पेटी म्हणजे ब्रिटिश म्युझियममधल्या, अपशकुनी म्हणून गाजलेल्या 'अनलकी ममी'ची नक्कल. माझ्या गेममध्ये खेळाडूंना सुटकेची वाटच नाही. आणि शेवटी, 'सर, हे दहा मिनिटं गूगल करून लिहिलेलं दिसतंय', पुढे हसरा इमोजी.

शेवटापासूनच सुरू करतो. झोप त्याच वाक्यानं उडवली.

साहेब, मी चौदा वर्षं टेबलाभोवती बसून खेळायचे हॉरर गेम चालवतोय. माझी पहिली पेटी बुटाच्या खोक्याची होती, झाकणाला आतून डोळे रंगवलेले. आईनं ती रद्दीत दिली, तेव्हा मी दोन दिवस घरात कुणाशी बोललो नव्हतो. पुढे कामासाठी लंडनला गेलो, तर मिळालेला एकुलता एक मोकळा शनिवार मी म्युझियमच्या ६२ नंबरच्या खोलीत उभं राहून काढला. सोबतचे लोक खरेदीला गेले होते. ज्या 'अनलकी ममी'वरून तुम्ही मला सुनावताय, ती मी काचेला नाक लावून पाहिलीय. ती ममी नाहीच मुळी. १६२ सेंटिमीटरची लाकडी फळी आहे, प्लास्टर चढवून रंगवलेली. पेटीच्या आत ममीच्या अंगावर ठेवायची. प्राचीन इजिप्तमधल्या थीब्ज शहरातली, इ.स.पू. ९५०च्या आसपासची. हाताचे पंजे उघडे आहेत, कारण फळी बाईची. पुरुष असता तर मुठी आवळलेल्या असत्या. ती बाई कोण, ते कुणालाच माहीत नाही. टायटॅनिक हिच्यामुळे बुडालं म्हणतात, पण ती त्या जहाजावर चढलीच नव्हती. १८८९मध्ये म्युझियमला मिळाली, १९१२मध्येही त्यांच्याचकडे होती.

हो, पोस्टमध्ये मी तिला 'शवपेटी' म्हटलं होतं. ते चुकलं, दुरुस्त केलंय. झालं समाधान?

आता नक्कल. माझ्या पेटीची कल्पना वेगळीच आहे. एकविसाव्या राजघराण्याच्या काळात, म्हणजे साधारण या फळीच्याच काळात, थीब्जमध्ये चांगलं लाकूड दुर्मीळ झालं होतं, थडगी लुटली जात होती. जुनी पेटी काढायची, नवं प्लास्टर चढवायचं, नवं नाव घालायचं, की दुसऱ्याची सोय झाली. आणि हे कोण करत होतं? नाव पुसलं तर मेलेला माणूस पुन्हा मरतो, असं मानणारे लोक! माझ्या गेममध्ये १९२०च्या दशकातला एक लंडनचा संग्राहक अशी पेटी ओल आलेल्या तळघरात ठेवतो. प्लास्टर फुगतं. बोटाच्या नखाएवढा पोपडा पडतो आणि खालून आधीच्या मालकिणीच्या नावातली दोन चिन्हं दिसतात. बस, एवढंच. यात शापाचं एक तरी वाक्य कोरलेलं सापडतंय का? पोस्ट वाचली होतीत, की नुसतं शीर्षक?

शिवाय शाप होतेच. गिझात मेनी नावाच्या माणसाच्या थडग्यावर चक्क लिहिलंय की नासधूस करणाऱ्यावर पाण्यात मगर आणि जमिनीवर साप धावून जावा. ते थडगं, पेटी नव्हे, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. 'मध्य राज्य' म्हणतात त्या काळातल्या (इ.स.पू. २०००च्या आसपासनंतरच्या) काही पेट्यांवर तर चित्रलिपीतलं सापाचं चिन्हसुद्धा मुद्दाम अर्धवट काढलेलं असतं, पक्ष्यांना पाय नसतात. अक्षरातला साप मेलेल्याला चावेल अशी धास्ती! ही गोष्ट दहा मिनिटांत सापडत नाही, सापडली तर मला लिंक पाठवा.

सुटकेची वाट नाही म्हणता? हॉरर आहे, महाबळेश्वरची सहल नव्हे. माझ्या टेबलावर तिघं वाचलेत.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढच्या वेळी फक्त तो इमोजी नको.