खुलासा: 'फिक्स-इट फेलिक्स'ची फाईल उघडू नका

'रेक-इट राल्फ या सिनेमातला १९८२ चा खरा गेम, फुकट' असा मेसेज, मशीनचा फोटो आणि फाईलसह बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर फिरतोय. १९८२ साली असा गेम नव्हताच. 'फिक्स-इट फेलिक्स ज्युनियर' आणि तो बनवणारी 'तोबीकोमी' कंपनी, दोन्ही सिनेमासाठी रचलेली. सिनेमातला दुसरा गेम 'शुगर रश'ही तसाच. घोळ होतो, कारण पॅक-मॅनची भुतं, बाउझर, सॉनिक ही सिनेमातली पात्रं मात्र खऱ्या गेममधली आहेत. २०१२ मध्ये डिस्नीने प्रसिद्धीसाठी या गेमची मशीनं बनवली, तीही मुद्दाम जुनाट दिसतील अशी. फोटोतलं मशीन बहुधा त्यातलंच.

खरा धोका त्या एपीके (अँड्रॉइड अ‍ॅप टाकायच्या) फाईलचा. गेमला एसएमएस वाचायची परवानगी कशाला? ती दिली की ओटीपी परस्पर चोरांकडे जातो. पोरांनी फाईल टाकलीच असेल तर आधी वायफाय आणि डेटा बंद करा. अ‍ॅप निघत नसेल, तर सेटिंगमध्ये त्याचा 'डिव्हाइस अ‍ॅडमिन' (फोनवर ताबा देणारा) हक्क काढा, मगच अनइन्स्टॉल होतं. नंतर दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर फोन करा, उद्यावर ढकलू नका.