ओट्स भाजावेत की नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘वरून साखर न घालता ओट्सना चव कशी आणावी’ या माझ्या लेखावर परवा एक प्रतिक्रिया आली. उत्तर लांबणार, म्हणून वेगळं लिहिते आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गाभा असा: ‘ओट्स भाजून काडीचाही फरक पडत नाही, मी भाजले तर चक्क कडू झाले. खजूर घालायचा आणि साखर नाही म्हणायचं, ही दिशाभूल आहे. मापं सगळी वाटी-चमच्यात, कुणाची वाटी केवढी ते देव जाणे. मुळात ओट्स म्हणजे खळ, तिला चव आणायला निघणं हाच वेडेपणा. लिहिण्याआधी निदान एकदा स्वतः करून बघत जा.’

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण ते लागलं. आपण सविस्तर वाचलंत, वेळ काढून लिहिलंत, त्याबद्दल आभार. पण ‘स्वतः करून बघत जा’ हे कुणाला म्हणतो आहोत याचा जरा विचार करायला हवा होता. गेली अकरा वर्षं आमच्या घरी सकाळी ओट्स शिजतात, आणि घरात मधुमेह असल्यामुळे साखरेची बरणी त्यांच्या जवळपासही येत नाही. लेखातली एकही कृती न करता लिहिलेली नाही. चूक दाखवा, मी दुरुस्त करीन. खोटेपणाचा आरोप मात्र असा जाता जाता करायचा नसतो.

वाटीचा मुद्दा मान्य. माझी आमटीची वाटी 150 मिलीलीटरची आहे, तुमची 200 ची असेल तर सगळंच बिघडेल. तेव्हा एका माणसाचं माप वजनात देते: ओट्स 40 ग्रॅम, पाणी 240 मिलीलीटर, मीठ पाऊण ग्रॅम, म्हणजे चहाच्या पाव चमच्याच्या निम्मं. लेखातही आज हेच आकडे घालते आहे.

आता भाजण्याबद्दल. ‘काडीचाही फरक पडत नाही’ आणि ‘कडू झाले’ ही दोन विधानं तुम्ही एकाच वाक्यात केली आहेत. कडू झाले, म्हणजे फरक पडला. तो वाईट का पडला हे शोधायचं सोडून भाजणंच निकालात काढलंत, याला काय म्हणायचं?

ओट्स कडू होण्याची कारणं मोजकी आहेत. पहिलं म्हणजे चुरा. पाकिटाच्या तळाशी पिठासारखा बारीक चुरा साठतो. पाकळीला रंग येण्याआधीच तो करपतो आणि सगळ्या कढईला कडवट वास लावतो. भाजण्यापूर्वी रवा चाळायच्या चाळणीतून ओट्स एकदा चाळून घ्यायचे. खाली पडलेला चुरा टाकायचा नाही, धिरड्याच्या पिठात जातो.

दुसरं कारण, झटपट शिजणारे ओट्स. त्यांची पाकळी पातळ लाटलेली आणि तुकड्यांची असते. जाड पाकळीला मंद आचेवर चार-पाच मिनिटं लागतात, तिथे हे दोन मिनिटांत पुढे जातात. लेखात ‘जाड पाकळीचे ओट्स’ असं पहिल्याच परिच्छेदात लिहिलं आहे. तुम्ही कोणते घेतलेत, ते प्रतिक्रियेत कुठेच नाही.

तिसरं कारण आच आणि कढई. पहिली दीड-दोन मिनिटं काहीच घडताना दिसत नाही, कारण आधी ओलावा उडतो. इथेच लोक आच वाढवतात. मग एकदम वास सुटतो आणि वीस-तीस सेकंदांत रंग पालटतो. आपल्याला हवा तो रंग मारी बिस्किटाचा, आणि वास भाजलेल्या रव्याला शेंगदाण्याची झाक असल्यासारखा. त्या क्षणी गॅस बंद करून भागत नाही, ओट्स लगेच ताटात काढायचे. जाड बुडाच्या कढईत गॅस बंद झाल्यावरही भाजणं चालूच राहतं. ताटात पसरलेली पाकळी बोटात धरली तर ती चुरचुरीत लागायला हवी, वाकली नाही पाहिजे.

आणि चौथं, जे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही: खवटपणा. इतर धान्यांच्या मानाने ओट्समध्ये तेल बरंच असतं, साधारण सात टक्के. ते तेल फोडणारं विकर (एन्झाइम) दाण्यातच असतं, म्हणून कारखान्यात दाण्याला वाफ देऊन ते निकामी करतात. पण पाकीट उघडून दोन महिने ओट्याजवळ ठेवलं, त्यात पावसाळा, तर हवेनेच ते तेल बिघडतं. असे ओट्स भाजले की लपलेला खवटपणा नाकात शिरतो, आणि बिचाऱ्या भाजण्यावर खापर फुटतं. तपासणं सोपं आहे. चमचाभर ओट्सवर दोन चमचे उकळतं पाणी घाला, झाकण ठेवा, मिनिटभराने वास घ्या. जुन्या तेलाचा किंवा रंगाच्या डब्यासारखा वास आला तर ते पाकीट कुठल्याही कृतीने सुधारणार नाही. उघडलेलं पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावं.

एवढं सांभाळलंत तर साखरेची आठवण निम्म्याने कमी होते, हे मी पुन्हा, ठामपणे म्हणते. ओट्सना चव नसते हा समज कच्चट, अळणी शिजवलेल्या ओट्समुळे झाला आहे. तांदूळ अळणी शिजवून कुणी त्यात साखर घालत नाही, मग इथेच का?

मीठ ही दुसरी पायरी, आणि तिला तुम्ही हातही लावलेला नाहीत. चिमूटभर मीठ कडवटपणा दाबतं आणि धान्याचा मूळचा गोडवा पुढे येतो. स्कॉटलंडमध्ये कारब्रिज या गावी 1994 पासून ओट्सच्या लापशीची जागतिक स्पर्धा भरते. तिथे पारंपरिक गटात फक्त तीन जिनसा चालतात: ओट्सचा भरडा, पाणी आणि मीठ. ज्यांच्या घरचा हा पदार्थ आहे, ते तीन जिनसांवर स्पर्धा खेळतात. त्याला ‘वेडेपणा’ म्हणायचं असेल तर म्हणा.

‘खळ’ होते ती ढवळण्याने आणि पाण्याच्या मापाने. सतत घोटलं की पाकळी फुटते, आतला पिठूळपणा आणि चिकट तंतू पाण्यात उतरतात. मोकळे हवे असतील तर ओट्स भाजून घ्या, उकळत्या पाण्यात टाका, दोनदाच हलवा, मंद आचेवर पाच मिनिटं शिजवा आणि झाकून दोन मिनिटं ठेवा. मऊ, सायीसारखे हवे असतील तर गार पाण्यापासून चढवा. दूध घालायचं तर 240 मधलं 100 मिलीलीटर पाणी कमी करून तेवढंच दूध शेवटच्या दोन मिनिटांत घाला. आधीपासून घातलं तर बुडाला लागतं.

मसाल्यांबद्दल आपण ‘दालचिनी घातली, तरंगत राहिली’ एवढंच लिहिलं आहे. तरंगणारच, दालचिनीची पूड पाण्यात भिजत नाही. अर्धा चमचा तूप गरम करा, गॅस बंद करा, त्यात पाव चमचा पूड दहा सेकंद हलवा आणि भाजलेले ओट्स त्यावर परता. दालचिनीचा सुगंध तुपात उतरतो आणि तुपाबरोबर प्रत्येक पाकळीला लागतो. गॅस चालू ठेवला तर पूड जळते, आणि मग पुन्हा कडू. रोज खाणार असाल तर कागदासारख्या पातळ थरांची, हाताने चुरडणारी सिलोनी दालचिनी घ्या. जाड, एकेरी वळलेल्या सालीत कूमारिन नावाचं द्रव्य जास्त असतं, आणि ते रोज पोटात जाणं यकृताला बरं नाही. वेलची आणि जायफळ मात्र उतरवल्यावरच घाला, उकळताना त्यांचा वास वाफेबरोबर जातो. जायफळ खिसणीवर दोनदा ओढलं की पुरे, तिसऱ्यांदा ओढलं की औषधासारखं लागतं.

फळात सालीवर काळे ठिपके आलेलं केळं सगळ्यांत उपयोगी, कारण तोवर त्यातल्या पिठाची साखर झालेली असते. अर्धं केळं कुस्करून ओट्सबरोबरच शिजवा. वरून चकत्या टाकल्या तर गोडवा केळ्यातच राहतो. सफरचंद सालीसकट किसून, 50 ग्रॅम, शेवटच्या तीन मिनिटांत. भाजलेले तीळ किंवा खोबऱ्याचा कीस अगदी शेवटी, पानात वाढल्यावर.

खजुराबद्दल वाद वाढवत नाही. लेखाचं शीर्षक ‘वरून साखर न घालता’ असं आहे, ‘साखररहित’ असं नाही. मेदजूल जातीच्या एका खजुरात साधारण 16 ग्रॅम साखर असते हे मलाही ठाऊक आहे, म्हणूनच ‘अर्धाच’ असं लिहिलं होतं. मध आणि गूळ तर मी घेतलेच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 च्या मार्गदर्शनात मध साखरेतच मोजला आहे. इतकी काळजी घेतल्यावर ‘दिशाभूल’ हा शब्द वाचावा लागला, असो.

बाकीचे मुद्दे (ओट्स महाग, आपली नाचणी बरी वगैरे) या लेखाच्या विषयातले नाहीत. नाचणीवर स्वतंत्र लिहीन.

पुन्हा करून बघणार असाल तर 40 ग्रॅम जाड ओट्स चाळून, मंद आचेवर, घड्याळ लावून भाजा. तरीही कडू लागले तर पाकीट कधी उघडलं होतं, ओट्स कोणते होते आणि किती मिनिटं भाजले, ते लिहा. एवढं कळलं तर चूक कुठे झाली ते मी नक्की सांगू शकेन.