कांद्याचा प्रश्न संसदेत कसा न्यावा

निफाड-चांदवडकडचे असाल, लासलगावच्या लिलावात भाव आपटला असेल आणि आता हा प्रश्न थेट लोकसभेत गाजवायचाच असं ठरवलं असेल, तर आधी ट्रॅक्टर बंद करा. घाई कामाची नाही. खासदारांना प्रश्नासाठी किमान 15 दिवस आधी नोटीस द्यावी लागते. तोवर चाळीतल्या कांद्याला कोंब फुटू नयेत, एवढं त्याला समजावून सांगा.

मग सोडत, म्हणजे कोणाचा प्रश्न यादीत लागणार याची चिठ्ठी. दिवसाला तारांकित प्रश्न 20, नुसतं लेखी उत्तर मिळणारे अतारांकित 230. तारा लागला तर मंत्री उभे राहून उत्तर देतात, उपप्रश्नही विचारता येतो. पण तास एकच, अकरा ते बारा, त्यामुळे यादीत पहिल्या चार-पाचांत नंबर आला तरच गंमत. त्या दिवशी संसद टीव्ही लावून मिसळ मागवा. कोणी घोषणा देत अध्यक्षांपुढच्या हौद्यात उतरलं, तर पाव संपायच्या आत कामकाज तहकूब होतं आणि तुमच्या प्रश्नाला लेखी उत्तराचा कागद तेवढा मिळतो. त्या कागदात 'होय' किंवा 'नाही' शोधत बसू नका. शेतकरी आणि ग्राहक या दोघांचंही हित जपलं जात आहे, असा आशय सापडला की घडी घालून ठेवा.

नोटिशीची कटकट अर्थात विचारणाऱ्यालाच. 2023 च्या हिवाळी अधिवेशनात, संसद चालू असतानाच, 7 डिसेंबरला अधिसूचना निघाली आणि 8 पासून कांद्याची निर्यात बंद! त्याच अधिवेशनात दोन्ही सभागृहांतले मिळून 146 खासदार निलंबित झाले. कांद्यासाठी नव्हे हो, संसदेतल्या घुसखोरीवर सरकारने निवेदन करावं म्हणून घोषणा देत होते. निलंबितांच्या नावावरचे प्रश्नही यादीतून गळले. तेव्हा खासदार निवडताना नीट पारखून घ्या: प्रश्न जगवायचा असेल, तर विचारणारा गप्प बसणारा हवा.

बंदी उठली 4 मे 2024 ला, तीही 40 टक्के शुल्क आणि टनाला 550 डॉलर किमान निर्यातमूल्य ठेवून. नाशिक आणि दिंडोरीत मतदान होतं 20 मेला. योगायोगावर उपप्रश्न विचारता येत नाही. 4 जूनला दोन्ही जागांवर सत्ताधारी आघाडीचे उमेदवार पडले. सप्टेंबरात, विधानसभा निवडणूक तोंडावर असताना, शुल्क 20 टक्क्यांवर आलं आणि किमान मूल्याची अटही गेली. यासाठी कोणी नोटीस दिली होती, सोडतीत कोणाचा नंबर लागला होता, ते विचारू नका.

एवढं करूनही प्रश्न टाकायचाच असेल, तर रोप टाकतानाच मतदान कधी आहे ते पाहून घ्या. अधिवेशन काय, वर्षातून तीनदा भरतंच.