लेक ल्यूरचे धरण फुटले नव्हते

‘हेलीन चक्रीवादळात लेक ल्यूरचे धरण फुटले आणि खालचे चिमनी रॉक गाव वाहून गेले’ असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनाच्या रदरफोर्ड काउंटीतले हे धरण १९२०च्या दशकातले. २७ सप्टेंबर २०२४ रोजी पाणी त्याच्या माथ्यावरून वाहिले, कडेची माती खचली. धरण कोणत्याही क्षणी फुटेल असा इशाराही हवामान खात्याने दिला, खालच्या लोकांना हलवावे लागले. घबराट खरी होती. पण भिंत टिकली.

मुख्य म्हणजे चिमनी रॉक धरणाच्या खाली नाहीच. ते तलावाच्या वरच्या अंगाला, रॉकी ब्रॉड नदीकाठी आहे. धरण फुटले असते तरी ते पाणी उलटे वर चढले नसते. गाव उद्ध्वस्त केले ते नदीनेच, आणि घरादुकानांचा राडारोडा तलावात येऊन साचला.

वादळ किनाऱ्याला लागले फ्लोरिडात, पाचशे किलोमीटरहून दूर. पण आदल्या पावसाने डोंगर आधीच भिजलेले होते. जवळच्या यान्सी काउंटीत ब्युसिक येथे सुमारे ७८० मिलिमीटर पावसाची नोंद झाली. अरुंद दऱ्यांतून ते पाणी खाली धावले. ज्यांनी माणसे गमावली त्यांच्याबद्दल लिहिताना एवढे तरी तपासून लिहा, ही कळकळीची विनंती.