नाडी बघायला प्रोब शोधू नका, छाती दाबा

नागपुरातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्यातलं म्हणणं असं: हाताने बघितलेली नाडी चुकते. हृदय चालू असताना छाती दाबली तर ते बंद पडतं. म्हणून आधी सोनोग्राफीने धडधड बघा, मगच सीपीआर (छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) द्या. मोबाइलला जोडायचा सोनोग्राफीचा छोटा प्रोब, म्हणजे अंगावर फिरवायचा भाग, प्रत्येक सोसायटीने घेऊन ठेवा. आणि कॅज्युअल्टीत सोनोग्राफी न करताच डॉक्टरांनी ‘पेशंट गेला’ सांगितलं, तर जाब विचारा. मनीषनगरला माझ्या आत्याच्या सोसायटीत या प्रोबसाठी चक्क वर्गणी सुरू झाली आहे, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात घातक वाक्य आहे ‘आधी बघा, मग दाबा’. यात माणूस जाईल, म्हणून सुरुवात इथूनच.

अंबाझरीच्या ट्रॅकवर चालता चालता कोणी कोसळला तर त्याचे खांदे हलवायचे, मोठ्याने हाक मारायची. प्रतिसाद नाही आणि श्वास नाही, किंवा मध्येच एखादा आचका येतोय, तर हृदय बंद पडलंय असंच धरायचं. आचक्याला श्वास समजून लोक वाट बघत उभे राहतात आणि तिथेच वेळ जातो. एकाने १०८ लावायचा, दुसऱ्याने गुडघ्यावर बसायचं. तळहाताचा मनगटाजवळचा भाग छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्यावर, त्यावर दुसरा हात, कोपरं सरळ. ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण थकलेल्या हातांची खोली कमी होते आणि ते दाबणाऱ्याला स्वतःला कळत नाही.

यात नाडी कुठेच नाही, आणि ते मुद्दाम आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने सामान्य माणसासाठीची नाडी तपासणी २००० सालीच काढून टाकली. आपल्याकडच्या भूलतज्ज्ञांनी २०१७ साली सामान्यांसाठी जी फक्त छाती दाबण्याची पद्धत आखली, तिच्यातही ती नाही. बोटांना नाडी नीट कळत नाही हे माहीत झालं, म्हणून नाडीच वगळली. मेसेजवाल्याने तीच गोष्ट हाती धरून त्या जागी मशीन बसवलं.

मशीन म्हणजे काय काय? फोन उघडा, ॲप उघडा, शर्ट वर करा, जेल लावा, प्रोब फिरवत हृदय शोधा. लठ्ठ छातीवर किंवा पोटात हवा भरलेली असेल तर सरावलेल्या डॉक्टरलाही चित्र पटकन मिळत नाही. तोवर छातीवर कोणाचाच हात नाही. छाती दाबून हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत जो दाब तयार होतो तो हापशीसारखा असतो: बऱ्याच वेळा हापसल्यावर पाणी वर चढतं, आणि हात थांबला की लगेच खाली जातं. हृदय नुसतं थरथरत असेल, तर सीपीआरविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. सोसायटीच्या सेक्रेटरीने प्रोब कपाटातून काढेपर्यंत काय उरेल?

‘चालू हृदय दाबलं तर बंद पडतं’ हेही निराधार. अमेरिकेत सिएटलच्या परिसरात फोनवरून सूचना देऊन केलेल्या सीपीआरचा अभ्यास २०१० साली आला. त्यात २४७ जणांची छाती दाबली गेली, पण त्यांचं हृदय प्रत्यक्षात बंद पडलेलंच नव्हतं. सुमारे १२ टक्क्यांना दुखलं, २ टक्क्यांचं हाड मोडलं, आतल्या अवयवाला इजा एकालाही नाही. चुकून दाबलं तर बरगडी जाईल, चुकून थांबलात तर माणूस जाईल.

आता जे खरं आहे ते मान्य करावं लागेल. हाताची नाडी खरंच फसवते, आणि डॉक्टरांनाही फसवते. १९९६ च्या एका अभ्यासात ऑपरेशनच्या वेळी हार्ट-लंग मशीनवर (हृदय-फुफ्फुसांचं काम करणाऱ्या यंत्रावर) असलेल्या पेशंटच्या मानेतली नाडी प्रथम मदत देणाऱ्यांना तपासायला दिली. १० सेकंदांत बरोबर निदान करणारे फक्त १६.५ टक्के निघाले. त्यामुळे हॉस्पिटलमध्ये प्रोबने नाडी बघण्याला अर्थ आहे. पण ते कसं करायचं यावर सगळं ठरतं.

दोन मिनिटांचं चक्र संपायच्या आधी, दाबणं चालू असतानाच, जेल लावलेला लिनियर (सरळ, सपाट तोंडाचा) प्रोब मानेवर आडवा ठेवायचा, स्वरयंत्राच्या बाजूला. खोली ३-४ सेंटिमीटर. कॅरोटिड, म्हणजे मानेतली मोठी धमनी, स्क्रीनच्या मध्ये आणून हात स्थिर करायचा. मग ‘थांबा’ म्हटलं की एकाने मोठ्याने एक ते दहा मोजायचं. आपोआप ठोके पडतायत का आणि हलक्या दाबाला धमनी टिकते का, एवढंच बघायचं. दिसलं नाही तर वाद न घालता पुन्हा दाबायला सुरुवात. मांडीच्या सांध्यात फेमोरल (मांडीतल्या मोठ्या) धमनीवर डॉपलर, म्हणजे रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी, लावता येतो. २०२२ च्या एका अभ्यासात रक्ताचा वेग सेकंदाला २० सेंटिमीटरच्या वर असेल तर वरचा रक्तदाब किमान ६० असल्याचं दिसलं, आणि तिथे डॉपलर बोटांपेक्षा कितीतरी अचूक ठरला.

बिघडतं कुठे? सगळे दाबणं थांबवून स्क्रीनकडे बघत राहतात तिथे. २०१७ साली एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत वेळ मोजली: सोनोग्राफी असलेली नाडी तपासणी सरासरी २१ सेकंद, नसलेली १३. मर्यादा १० ची आहे! हृदयच बघायचं असेल तर प्रोब बरगड्यांच्या खाली, पोटाच्या वरच्या टोकाला आधीच लावून ठेवायचा, थांबल्यावर सहा सेकंदांची क्लिप रेकॉर्ड करायची, आणि ती दाबणं पुन्हा सुरू झाल्यावर बघायची. प्रोब धरणारा आणि टीमला सूचना देणारा एकच माणूस नको. त्याचं लक्ष चित्रात गेलं की सेकंद मोजणारं कोणी उरत नाही. शिवाय श्वासनळीत ट्यूब असेल तर बाहेर पडणाऱ्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा मॉनिटरवरचा आकडा अचानक ३५-४० वर चढला की रक्ताभिसरण परतल्याचा इशारा दाबणं न थांबवताच मिळतो.

‘सोनोग्राफीत हृदय हललं नाही म्हणजे मृत, आणि सोनोग्राफी केली नाही म्हणजे हलगर्जी’ या मुद्द्याने कॅज्युअल्टीत भांडणं होतील. अमेरिका-कॅनडातल्या २० हॉस्पिटलांचा ७९३ पेशंटचा अभ्यास २०१६ साली आला. सगळ्यांच्या हृदयाची लय अशी, की जिला विजेच्या शॉकचा उपयोग नसतो. हृदयाची हालचाल दिसलेल्यांपैकी ३.८ टक्के जिवंत घरी गेले, न दिसलेल्यांपैकी ०.६ टक्के. म्हणजे हालचाल नसणं फार वाईट लक्षण आहे, पण शून्य नाही. आणि हालचाल असूनही बहुतेक जण वाचत नाहीत. त्यात एकाच क्लिपवर डॉक्टरांचं एकमत होत नाही: अॅम्बू बॅगने (हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीने) फुफ्फुसं फुगली तरी पडद्यावर हृदय हललेलं वाटतं. म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२० साली, सीपीआर चालू असताना पेशंट वाचेल की नाही हे सोनोग्राफीवरून ठरवू नका, असं सुचवलं. हृदयाभोवती पाणी किंवा रक्त साचलं असेल तर मात्र ती खरोखर जीव वाचवते. सुईने ते काढता येतं. पण ते बघणं डॉक्टरचं काम, नातेवाइकांनी मागणी करून करवून घेण्याचं नाही.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ठोके बघण्याबद्दलही मेसेजात एक ओळ आहे. छाती दाबताना तो दाबण्याचेच ठोके दाखवू शकतो. विषय संपला.

राहिली वर्गणी. गर्भलिंग निदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यात, कलम ३ब प्रमाणे, नोंदणी नसलेल्या कोणालाही सोनोग्राफी मशीन विकता येत नाही. मोबाइलला जोडायचा प्रोबही मशीनच आहे. सोसायटी काही नोंदणीकृत केंद्र नाही, त्यामुळे ऑनलाइन ऑर्डर करणारे सेक्रेटरी विनाकारण भानगडीत सापडतील.

तेच पैसे एईडीला, म्हणजे हृदयाला शॉक देणाऱ्या स्वयंचलित यंत्राला, लावा. ते लय स्वतः ओळखतं, शॉक हवा की नको हे बोलून सांगतं, आणि चित्र वाचता यावं लागत नाही. घेताना साठवणुकीचं तापमान विचारा: काही मॉडेलांची मर्यादा ४३ अंश असते, काहींची ५०. मे महिन्यात नागपूर ४५ च्या वर जातं आणि गार्डच्या पत्र्याच्या केबिनमध्ये त्याहूनही तापतं, म्हणून ते तळमजल्याच्या सावलीतल्या लॉबीत, कुलूप न लावता ठेवा. पॅड आणि बॅटरीची मुदत डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहा, आणि रात्रपाळीच्या गार्डला छाती दाबायला आधी शिकवा.