शीट ‘प्रोटेक्ट’ केली म्हणजे कुलूप लागत नाही

‘एक्सेल वापरणाऱ्या प्रत्येकाने वाचावे’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्यातले दावे असे: १४ ऑक्टोबर २०२५ पासून जुनं मायक्रोसॉफ्ट ऑफिस बंद, व्हीलुकअप (यादीतून हवी ती माहिती शोधून आणणारा फॉर्म्युला) रद्द, फाइल जुन्या एक्सएलएस फॉर्मॅटमध्येच सेव्ह करा, हिशेब आता कोपायलटवर (मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनीसावर) सोपवा, आणि गोपनीय कॉलम हाइड करून शीटला पासवर्ड लावला की फाइल कुणालाही बिनधास्त पाठवा. माझ्या वहिनी एका शाळेच्या ऑफिसात पगारपत्रकं करतात. ‘भावोजी, आता प्रत्येकाला वेगळी फाइल करायची कटकट गेली की!’ असं लिहून त्यांनी तो मला पाठवला, तेव्हा डोकंच फिरलं.

शेवटचा दावा आधी घेतो. बाकीच्यांनी फार तर वेळ वाया जाईल, याच्यामुळे माणसं गोत्यात येतील.

पगारपत्रकात डी कॉलममध्ये बँक खाते नंबर आहेत असं धरा. तो कॉलम हाइड केला, रिव्ह्यूमध्ये जाऊन ‘प्रोटेक्ट शीट’ केलं, पासवर्ड दिला. आता फॉर्म्युला बारच्या डावीकडे जो छोटा चौकोन असतो ना, त्यात डी५ टाइप करून एंटर मारा. कॉलम दिसत नाही, पण वर फॉर्म्युला बारमध्ये पाचव्या ओळीतल्या माणसाचा खाते नंबर येऊन बसतो. पासवर्ड कुणी विचारत नाही. किंवा सी ते ई सिलेक्ट करा, कॉपी करा, नव्या फाइलमध्ये पेस्ट करा: मधला डी सुखरूप हजर! ‘प्रोटेक्ट शीट’ करताना उघडणाऱ्या चौकटीतल्या आधीपासूनच्या खुणा बदलल्या नसतील तर हे असंच होतं, आणि त्या बदलतो कोण? बरं, बदलल्या तरी दुसऱ्या फाइलमधून त्या सेलचा संदर्भ दिला की आकडा समोर.

मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या मदतपानावर स्पष्ट लिहिलंय की शीट प्रोटेक्शन ही सुरक्षेसाठी दिलेली सोय नाही. ते कशासाठी आहे? चुकून कुणाचं बोट लागून फॉर्म्युला उडू नये म्हणून. बस्स.

‘एवढं कोण बघतंय?’ असं वाटत असेल तर उत्तर आयर्लंडच्या पोलिसांचं उदाहरण बघा. ८ ऑगस्ट २०२३ रोजी माहिती अधिकारातल्या एका प्रश्नाला त्यांनी एक्सेल फाइलने उत्तर दिलं. त्यात एक लपवलेली शीट तशीच राहून गेली. ९,४८३ पोलीस आणि कर्मचाऱ्यांची आडनावं, आद्याक्षरं, हुद्दे, नेमणुकीची ठिकाणं काही तास जगजाहीर होती. तिथे पोलिसांवर हल्ले करणारे सशस्त्र गट आहेत आणि ती यादी त्यांच्यापर्यंत पोचल्याचं पोलिसांनीच नंतर मान्य केलं. पोलीसप्रमुखांनी पुढच्याच महिन्यात राजीनामा दिला, तर २०२४ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी साडेसात लाख पौंडांचा दंड ठोठावला. आणि हे सगळं एका ‘हाइड’पायी.

तेव्हा वहिनी, कटकट वाटली तरी नवी फाइल घ्या, लागतील तेवढेच कॉलम ‘पेस्ट व्हॅल्यूज’ (म्हणजे फॉर्म्युल्याशिवाय नुसती माहिती) करून टाका आणि तीच पाठवा. सगळी फाइल पाठवणं भागच असेल तर फाइल, इन्फो, प्रोटेक्ट वर्कबुक या वाटेनं ‘एन्क्रिप्ट विथ पासवर्ड’ करा. हे मात्र खरं कुलूप आहे. पासवर्ड फोनवर सांगा, त्याच मेलमध्ये लिहू नका. आणि तो हरवला तर मायक्रोसॉफ्टही उघडून देत नाही, हेही ध्यानात असू द्या.

आता बाकीचं. १४ ऑक्टोबरची तारीख खरी आहे, हे कबूल करावंच लागेल. त्या दिवशी ऑफिस २०१६ आणि २०१९ यांचा सपोर्ट संपला. पण सपोर्ट संपणं आणि बंद पडणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्रोग्रॅम चालतात, फक्त नव्या त्रुटींवरचे सुरक्षा अपडेट येत नाहीत. ही काळजीची गोष्ट आहेच, म्हणून सवडीनं बदला. पण घाबरून मेसेजमधल्या कुठल्याशा लिंकवरून ‘फ्री ऑफिस’ उतरवू नका.

व्हीलुकअप रद्द वगैरे झालेलं नाही. त्याच कामाचं नवं एक्सलुकअप सोयीचं आहे, पण ते २०१६ आणि २०१९ मध्ये नाहीच. समोरच्याकडे जुनं एक्सेल असेल तर तुमचा नवा फॉर्म्युला तिथे चालणार नाही.

एक्सएलएसचा सल्ला तर उलटाच. त्यात ६५,५३६ ओळींपुढे जागा नाही. आताच्या फॉर्मॅटमध्ये १०,४८,५७६ आहेत. शाळेच्या पगारपत्रकाला काही फरक पडणार नाही म्हणा, पण २०२० मध्ये एक्सएलएसच्या याच मर्यादेपायी इंग्लंडमध्ये जवळपास १६,००० कोविड रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत.

राहता राहिला कोपायलट. २०२५ मध्ये त्याचं फंक्शन थेट सेलमध्ये लिहायची सोय चाचणीसाठी आली, तेव्हा मायक्रोसॉफ्टनेच बजावलं: आकडेमोडीसाठी आणि जिथे अचूकपणा हवा तिथे हे वापरू नका. शेरे वाचून त्यांची वर्गवारी करायला घ्या हवं तर. पगाराची बेरीज करायला ‘सम’ आहे की!